अमेरिकेत कुठल्या भागात कुठल्या कॉलेजचा मान? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ॲडमिशनचा सीझन आला की तेच तेच प्रश्न येतात. काही पुण्या-मुंबईहून एमएसला येणाऱ्या मुलांचे, काही न्यू जर्सी नाहीतर बे एरियात वाढलेल्या मुलांच्या आईबाबांचे. सगळ्यांना एकच यादी हवी असते, वरून खाली नंबर लावलेली. अशी एक यादी अख्ख्या अमेरिकेत कुणाच्याच डोक्यात नसते, आणि हे आधी कळलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, म्हणून इथे नीट लिहून ठेवतोय.

हार्वर्ड ते हार्वर्डच ना? मग भागाप्रमाणे फरक कसला?

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी ही पाच-सहा नावं कुठल्याही राज्यात घ्या, लोक ओळखतात. प्रश्न त्याच्या खालच्या थराचा आहे, आणि बहुतेक मुलं जातात ती याच थरात. पुण्यात फर्ग्युसन म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, सांगलीत विलिंग्डनचं तसंच आहे, पण सांगलीचा माणूस माटुंग्यात जाऊन विलिंग्डन म्हणाला तर समोरचा विचारेल कुठे आलं ते. अमेरिकेत हेच खूप मोठ्या नकाशावर होतं. काही राज्यं आपल्या महाराष्ट्राएवढी किंवा त्याहून मोठी, आणि बहुतेक मुलं शिकतात आपल्याच राज्यात, नोकरी पण तिथेच जवळपास करतात, त्यामुळे कॉलेजचं नाव त्या पट्ट्यात घट्ट बसतं आणि हजार मैलांवर एकदम पातळ होतं.

आयव्ही लीग म्हणजे सगळ्यात चांगली आठ कॉलेजं, बरोबर?

नाही. आयव्ही लीग ही खेळाची लीग आहे, १९५४ साली करार झाला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, पेन, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल. आठही ईशान्येकडची. स्टॅनफर्ड त्यात नाही, एमआयटी नाही, शिकागो नाही, ड्यूक पण नाही. बॉस्टन-न्यूयॉर्क पट्ट्यात 'आयव्ही' या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं ओक्लाहोमात किंवा ॲरिझोनात सापडणार नाही, तिकडे डार्टमथ आणि ब्राउन ही नावं ऐकून 'हो, चांगलं आहे वाटतं' एवढ्यावर लोक थांबतात.

ईशान्येकडे प्रायव्हेट कॉलेजचं एवढं वेड का?

कारण तिथे प्रायव्हेट कॉलेजं आधी आली आणि सरकारी खूप उशिरा. हार्वर्ड १६३६ चं, येल १७०१ चं. मॅसॅच्युसेट्सची सरकारी युनिव्हर्सिटी, म्हणजे आजचं यूमास, सुरू झालं १८६३ साली, ते सुद्धा शेतकी कॉलेज म्हणून. मधली सव्वादोनशे वर्षं वकील, पाद्री, डॉक्टर, व्यापारी सगळे प्रायव्हेटमधूनच तयार होत होते, मग पैसा, माजी विद्यार्थी, ओळखीपाळखी सगळं तिकडेच साठत गेलं. न्यूयॉर्क राज्याची 'सनी' ही सरकारी युनिव्हर्सिटी यंत्रणा तर १९४८ साली उभी राहिली, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यानंतर!

त्यामुळे काय झालंय, तिकडच्या सुखवस्तू घरांत सरकारी युनिव्हर्सिटी हा दुसरा पर्याय धरला जातो. न्यू जर्सीतली आपली मंडळी हे रोज बघतात. रटगर्स १७६६ ची, अमेरिकेच्या स्वातंत्र्याआधीची, रिसर्चमध्ये दमदार, आणि तरीही तिथल्या एडिसन गावच्या शाळेतली मुलं 'रटगर्सला जावं लागलं' असं बोलतात. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. हीच युनिव्हर्सिटी मिडवेस्टच्या एखाद्या राज्यात असती तर लोकांनी गाडीच्या मागे तिचे स्टिकर लावून मिरवलं असतं.

विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन... ही नावं कधी ऐकली नाहीत. फालतू आहेत का?

अजिबात नाही! ही छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं. विल्यम्समध्ये साधारण दोन हजार मुलं, पीएचडीचा कारखाना नाही, प्रोफेसर स्वतः शिकवतात, वर्ग लहान. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यांत, वॉल स्ट्रीटवर आणि मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या पीएचडी ॲडमिशन कमिट्यांत यांना आयव्हीच्या बरोबरीचा मान आहे, पण टेक्सासच्या एखाद्या छोट्या गावात ॲमहर्स्ट म्हटलं तर फार थोडे ओळखतील, आणि नागपूरच्या आत्याला तर तुम्ही कितीही समजावलं तरी ती म्हणणार 'पण इंजिनिअरिंग आहे का तिथे?' गंमत म्हणजे ॲमहर्स्ट गावात ॲमहर्स्ट कॉलेज पण आहे आणि यूमासचा मुख्य कॅम्पस पण, एकाच गावात दोन जगं.

कॅलिफोर्नियात पोमोना आणि हार्वी मड, मिनेसोटात कार्लटन, आयोवात ग्रिनेल ही याच जातीची, पण आपापल्या राज्यात सुद्धा सरकारी युनिव्हर्सिटीच्या मानाने कमी लोकांना माहीत.

मिडवेस्टमध्ये उलटं कसं झालं?

तिथे सरकारी युनिव्हर्सिटी राज्याबरोबरच, कधी राज्याच्या आधी जन्मली. मिशिगन युनिव्हर्सिटी १८१७ ची आणि मिशिगन राज्य झालं १८३७ ला! विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा आणि युनिव्हर्सिटी दोन्ही १८४८ साली. मग १८६२ ला लिंकनच्या काळात मॉरिल कायदा आला, केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढा म्हणून. पर्ड्यू त्यातून आलं, इलिनॉय त्यातूनच, आणि शेतकऱ्याच्या, कारखान्यातल्या माणसाच्या पोरांना पहिल्यांदा दार उघडलं. विस्कॉन्सिनमध्ये तर युनिव्हर्सिटीची हद्द म्हणजे राज्याची हद्द असं ब्रीदच आहे, शेतातल्या दुधापासून कायद्याच्या मसुद्यापर्यंत युनिव्हर्सिटीने मदत करायची. लोकांना ती आपली वाटते, तिथे जाणं म्हणजे तडजोड असं कुणाच्या मनात येत नाही.

त्यात फुटबॉल. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या ॲन आर्बर गावातल्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात, शनिवारी अख्खं राज्य एका रंगात. मॅच बघणाऱ्यांतले कितीतरी जण त्या युनिव्हर्सिटीत कधी शिकलेले नसतात, तरी नाव त्यांचंच.

आणि हो, शिकागो आणि नॉर्थवेस्टर्न ही तिथली मोठी प्रायव्हेट नावं, त्यांना मान आहेच. पण इंडियानातल्या एखाद्या गावात इंजिनिअर व्हायचंय म्हटलं की पर्ड्यू, विषय संपला. नील आर्मस्ट्राँग तिथलाच, आणि २०१३ पासून त्यांनी ट्युशन फी वाढवलेली नाही, हे पण लोक अभिमानाने सांगतात. नोत्र दाम हे वेगळंच प्रकरण, कॅथलिक कुटुंबांत, मग ती शिकागोची असोत की बॉस्टनची, त्याला जो मान आहे तो कुठल्या रँकिंगने मोजता येत नाही.

साउथमध्ये लोक कशाला मान देतात?

यावर थोडं लांब लिहितो, कारण आपल्या लोकांचे सगळ्यात जास्त गैरसमज इथलेच.

साउथला ड्यूक, व्हँडरबिल्ट, एमरी, राइस अशी प्रायव्हेट नावं आहेत आणि ती देशभर चालतात. पण राज्याच्या आत खरी सत्ता सरकारी युनिव्हर्सिटीच्या माजी विद्यार्थ्यांकडे असते. अलाबामात वकिली करायची, निवडणूक लढवायची, जमिनीचा किंवा बँकेचा धंदा करायचा तर टस्कलूसा (तिथे युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा आहे) नाहीतर ऑबर्न युनिव्हर्सिटीची ओळख जेवढी कामाला येते तेवढी एखादी आयव्हीची डिग्री येईलच असं नाही, उलट 'हा इथला नाही' असं पण वाटू शकतं. फ्रॅटर्निटी-सोरोरिटी (कॉलेजातल्या मुलामुलींच्या संघटना), चर्च, फुटबॉल, आजोबांपासून तीच युनिव्हर्सिटी, हे सगळं मिळून ते जाळं बनतं. ॲपलचे टिम कुक ऑबर्नचे, आणि ऑबर्नचं नाव ते आवर्जून घेतात.

दुसरी गोष्ट पैशाची. जॉर्जियाने १९९३ ला लॉटरीच्या पैशातून होप स्कॉलरशिप काढली, चांगले मार्क असलेल्या मुलांनी राज्यातच राहावं म्हणून. आधी जी हुशार मुलं बाहेर जायची ती राहायला लागली, आणि युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया, जॉर्जिया टेक दोन्हीकडे प्रवेश मिळणं अवघड होत गेलं. फ्लोरिडाने १९९७ ला ब्राइट फ्युचर्स काढलं, तिथे पण तेच. अटलांटाच्या उपनगरातल्या हुशार मुलीने ब्राउन सोडून जॉर्जिया टेक घेतलं तर तिथे कुणी का म्हणून विचारत नाही, बॉस्टनमध्ये मात्र विचारतील.

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांचं अजून वेगळं. थॉमस जेफरसनने १८१९ ला काढलेली युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया, १६९३ चं विल्यम अँड मेरी, चॅपल हिलची यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना), ही सरकारी असून प्रायव्हेटसारखा थाट. चॅपल हिलला बाहेरच्या राज्यातल्या मुलांना १८ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे न्यू जर्सीच्या मुलाला तिथे शिरणं फार कठीण.

एचबीसीयू म्हणजे काय, आणि त्यांचा मान कुठे?

ज्या काळात कृष्णवर्णीय मुलांना बहुतेक कॉलेजांत घेत नव्हते त्या काळात त्यांच्यासाठी निघालेली कॉलेजं. वॉशिंग्टनचं हॉवर्ड १८६७ चं, अटलांटात मोरहाउस आणि स्पेलमन. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाउसचे, कमला हॅरिस हॉवर्डच्या. साउथमधल्या आणि वॉशिंग्टन परिसरातल्या ब्लॅक कुटुंबांत या नावांना जो आदर आहे तो आपल्या लोकांना सहसा माहीतच नसतो, कारण आपण ज्या याद्या बघतो त्यात ही कॉलेजं वर दिसत नाहीत. डॉक्टर, वकील, शिक्षक, लोकप्रतिनिधी यांच्या पिढ्यांच्या पिढ्या इथून घडल्यात. ज्या मराठी घरांत शिक्षणाने माणूस उभा राहतो हे अनुभवाने माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

टेक्सासमध्ये यूटी ऑस्टिन आणि ए अँड एम, दोघांत मोठं कोण?

हे टेक्सासच्या घरात जेवताना विचारू नका. रँकिंगमध्ये यूटी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, वर असते, पण ए अँड एमच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंगठीचा वेगळाच दरारा आहे, ह्यूस्टनच्या तेल कंपनीत समोरच्याच्या बोटात ती अंगठी दिसली की पहिली पाच मिनिटं त्याच गप्पा. दोघांना पैसा पण एकाच विहिरीतून येतो, अगदी खरोखरची विहीर, वेस्ट टेक्सासमधल्या युनिव्हर्सिटीच्या जमिनीत १९२३ ला तेल लागलं आणि त्याचा फंड आजही दोन्ही यंत्रणा वाटून घेतात.

प्रवेशाचं गणित पण वेगळं. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत थेट प्रवेश मिळायला लागला. यूटी ऑस्टिनला गर्दी इतकी की तिथे ही रेषा खाली येत येत २०२६ च्या प्रवेशासाठी ५ टक्क्यांवर आलीय. म्हणजे प्लेनो किंवा केटीसारख्या स्पर्धेच्या शाळेतला खूप हुशार मुलगा बाहेर राहू शकतो आणि छोट्या गावच्या शाळेतली पहिली आलेली मुलगी आत जाते. आपले पालक यावर चिडतात, मला मात्र त्यात मोठा न्याय दिसतो, कारण यूटीत त्याआधी ठरावीक श्रीमंत शाळांचीच मुलं भरायची.

कॅलिफोर्नियात सगळे यूसी, यूसी का करतात?

कारण राज्याने १९६० ला एक आराखडाच केला. वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), वरच्या एकतृतीयांशांसाठी कॅल स्टेट, आणि बाकी सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेज, शिवाय तिथून वर चढायचा रस्ता. बर्कली, यूसीएलए ही त्यातली सगळ्यात अवघड. यूसीएलएला एका वर्षात एक लाख चाळीस हजारांच्या वर अर्ज येतात.

त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या मुलाचा क्रम स्टॅनफर्ड, बर्कली, यूसीएलए, मग सॅन डिएगो, अर्व्हाइन, डेव्हिस असा चालतो, आणि ईशान्येकडची टफ्ट्स किंवा बॉस्टन कॉलेज ही नावं त्यात येतच नाहीत. उलट न्यूयॉर्कच्या माणसाला यूसी अर्व्हाइन म्हणजे काय हे सांगावं लागतं.

एक गोष्ट मला कॅलिफोर्नियाची मनापासून आवडते. डी आन्झासारख्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून बर्कलीला ट्रान्सफर होणं तिथे अगदी नेहमीचं आहे, कूपरटिनोतली चांगल्या घरची मुलं पण हे करतात. आणि सॅन होजे स्टेटचं रँकिंग बघून नाक मुरडू नका, सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्या अक्षरशः शेजारी आहेत आणि तिथले इंजिनिअर जागोजागी भेटतात.

युटा आणि डोंगराळ राज्यं?

युटातल्या प्रोव्होची बीवाययू, म्हणजे ब्रिगम यंग युनिव्हर्सिटी. मॉर्मन चर्च तिचा बराचसा खर्च उचलतं म्हणून फी कमी, मॉर्मन मुलं मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जाऊन परदेशी भाषा शिकून येतात, आणि सॉल्ट लेक सिटीच्या धंद्यात तिचं जाळं जबरदस्त. कोलोरॅडोत स्कूल ऑफ माइन्सला खाण-तेल-भूगर्भ क्षेत्रात मोठा मान. बाकी त्या भागात कॉलेजच्या नावावरून माणूस तोलायची सवयच कमी.

नावांचा गोंधळ फार होतो, पेन आणि पेन स्टेट एकच का?

नाही हो! पेन म्हणजे फिलाडेल्फियाची प्रायव्हेट आयव्ही, पेन स्टेट ही सरकारी. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, १८०९ ची, म्हणजे फ्लोरिडा राज्य व्हायच्या आधीची, आणि युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी सेंट लुईसला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिएटलला, जॉर्ज वॉशिंग्टन राजधानीत. यूएससी म्हटलं की लॉस एंजेलिसवाला सदर्न कॅलिफोर्निया समजतो आणि कोलंबिया शहरातला माणूस साउथ कॅरोलायना. अर्ज भरताना शहराचं नाव दोनदा वाचा, प्लीज.

आपल्या लोकांच्या डोक्यातली यादी वेगळीच असते, ती कुठून आली?

एमएसमुळे. पर्ड्यू, इलिनॉय, जॉर्जिया टेक, टेक्सास ए अँड एम, ॲरिझोना स्टेट, यूटी डॅलस ही नावं पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतात, कारण सीनियर तिथे गेले. कनेक्टिकटच्या एखाद्या वकिलाला ही यादी दाखवली तर त्याला त्यातली निम्मी नावं साधी वाटतील, आणि त्याची यादी आपल्याला कळणार नाही. यूटी डॅलसचंच घ्या, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या संस्थापकांनी काढलेल्या संशोधन केंद्रातून ती उभी राहिली, आजूबाजूला टेलिकॉम आणि चिपच्या कंपन्या, तिथे नोकरी शोधणाऱ्याला ती सोन्यासारखी आहे.

कोलंबियाचं मात्र वेगळं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे शिकले, त्यामुळे महाराष्ट्रात ज्या वस्त्यांत आयव्ही हा शब्द कधी पोचला नाही तिथेही कोलंबिया हे नाव पोरासोरांना माहीत आहे, आणि तो मान रँकिंगमधून आलेला नाही.

रँकिंगवर विश्वास ठेवायचा की नाही?

यूएस न्यूज या नियतकालिकाची कॉलेजांची यादी १९८३ पासून येते. बघा जरूर, पण तिच्यातल्या सात-आठ नंबरांच्या फरकावर निर्णय घेऊ नका. कोलंबियाने दिलेली आकडेवारी चुकीची निघाली तेव्हा २०२२ ला ती दुसऱ्या नंबरवरून एकदम अठराव्यावर आली, तिथलं शिकवणं काही एका वर्षात तेवढं बदललं नव्हतं. ओरेगनचं रीड कॉलेज तर १९९५ पासून माहितीच देत नाही.

नावाने पगारात खरंच फरक पडतो का?

यावर नीट अभ्यास झालेत. डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ ला दाखवलं की तेवढीच पात्रता असलेली मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली तरी सरासरी कमाई जवळपास सारखीच राहते, गरीब घरच्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा होतो. २०२३ ला चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन यांच्या अभ्यासात आलं की आयव्ही आणि तिच्या तोडीच्या चार कॉलेजांमुळे सरासरी कमाई फार बदलत नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात जायची शक्यता साधारण दीडपट होते. सुप्रीम कोर्टाच्या नऊपैकी आठ न्यायाधीश हार्वर्ड किंवा येल लॉ स्कूलचे आहेत, एकट्या एमी कोनी बॅरेट नोत्र दामच्या. म्हणजे न्यूयॉर्कचं इन्व्हेस्टमेंट बँकिंग, मोठं कन्सल्टिंग, वरची कोर्टं यात जायचं असेल तर नाव धरून चाला. सॉफ्टवेअर, नर्सिंग, सिव्हिल, शाळेतलं शिक्षण, अकाउंटिंग यात त्या भागातली ओळख आणि अंगातलं काम जास्त चालतं. सत्या नाडेला मणिपालहून विस्कॉन्सिन-मिलवॉकीला गेले होते, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या मॅडिसनच्या मुख्य कॅम्पसला सुद्धा नाही.

मुलीला अलाबामाने मोठी स्कॉलरशिप दिलीय, पण आम्ही न्यू जर्सीत, नातेवाईक काय म्हणतील?

नातेवाईक दोन महिने बोलतील, कर्ज दहा वर्षं राहील. तिकडे आज निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच्या राज्यातलीच आहेत, अशाच स्कॉलरशिपवर आलेली. फक्त एक बघा, तिला परत न्यूयॉर्कला येऊन फायनान्समध्ये जायचंय का, कारण तिकडचे रिक्रूटर सहज टस्कलूसापर्यंत येत नाहीत, तिला स्वतःहून जास्त खटपट करावी लागेल. मेडिकलला जायचं असेल तर वाचलेले पैसे मेडिकल स्कूलसाठी ठेवा, हा सौदा उत्तम आहे.

बाहेरच्या राज्याची सरकारी युनिव्हर्सिटी पूर्ण फी भरून घेताना मात्र शंभरदा विचार करा. मिशिगनला बाहेरच्या मुलाची ट्युशन राज्यातल्या मुलाच्या तिपटीहून जास्त आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई नावाची देवाणघेवाण आहे, त्यात सामील कॉलेजं शेजारच्या राज्यातल्या मुलांना स्थानिक फीच्या दीडपटीपेक्षा जास्त लावत नाहीत, ती जरूर तपासा, बर्कली-यूसीएलए त्यात नाहीत.

एमएसला येणाऱ्याने मग कसं ठरवायचं?

आधी शहर, मग युनिव्हर्सिटी. पदवीनंतर कामाची मुभा एक वर्षाची, स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) आणखी दोन, पण बेकार राहायला दिलेले दिवस मोजके, त्यामुळे आजूबाजूला कंपन्या असणं हे तुमच्यासाठी अमेरिकन मुलापेक्षा जास्त महत्त्वाचं. युनिव्हर्सिटीच्या साइटवर पदवीनंतर मुलं कुठे लागली याचा रिपोर्ट बहुतेक जण टाकतात, त्यात कंपन्यांची नावं आणि शहरं दोन्ही बघा. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर विषयाप्रमाणे कमाई दिसते, पण ती सरकारी मदत घेतलेल्या मुलांची, म्हणजे आपल्या मुलांचे आकडे त्यात नाहीत, अंदाजापुरतं वापरा. आणि त्या विभागात गेल्या दोन वर्षांत गेलेल्या दोन-तीन मराठी मुलांना सरळ मेसेज करा, इंटर्नशिप कुठे मिळाली, कशी मिळाली, कॅम्पसवर कोण आलं होतं, एवढंच विचारा, मुलं भरभरून सांगतात.